रणगाडा ओढून काढायचाय: हर्क्युलीस, ब्युफेल की ब्रेम-१?

रिकव्हरी गाडी, म्हणजे रुतलेला किंवा बिघडलेला रणगाडा ओढून काढणारी चिलखती गाडी, निवडताना आधी ताफ्यातला सर्वांत जड रणगाडा बघा. चिखलात तो चाकांपर्यंत रुतला, तर त्याच्या वजनाइतका जोर लागतो. फेंडरपर्यंत (पट्ट्यांवरच्या पत्र्यापर्यंत) गेला तर दुप्पट, टरेटपर्यंत (वरच्या तोफेच्या बुरुजापर्यंत) तिप्पट. ६० टनांचा रणगाडा फेंडरपर्यंत रुतला म्हणजे १२० टन. त्याचं इंजिन चालू असेल आणि त्याने स्वतःचे पट्टे फिरवले, तर ४० टक्के भार हलका होतो.

अमेरिकी हर्क्युलीस (एम८८ए२) विंचच्या (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या) एकेरी दोरावर सुमारे ६३ टन ओढते. जर्मन ब्युफेल ३५, रशियन ब्रेम-१ फक्त २५. कप्प्या लावून ब्युफेल ७० आणि ब्रेम १०० टनांपर्यंत जाते खरी, पण जोर वाढला की वेग आणि पल्ला त्याच प्रमाणात घटतो. ब्रेमचा २०० मीटर दोर चौपदरी केला की उरतात ५० मीटर. शिवाय कप्प्या जोडायला माणसांना चिलखताबाहेर उतरावं लागतं. गोळीबार चालू असताना हा फरक जीवावरचा ठरतो, म्हणून एकेरी दोराच्या आकड्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो.

दुरुस्तीत मात्र ब्युफेल सरस. तिची ३० टनी क्रेन फिरते आणि मागच्या डेकवर जर्मन रणगाडा लेपर्ड-२ चं सुटं पॉवरपॅक (इंजिन-गिअरबॉक्सचा जोडसंच) बसतं, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवरच एकत्र बदलता येतात. हर्क्युलीसचा बूमही (उचलण्याचा दांडाही) तेवढंच वजन उचलतो, पण तो फिरत नाही. अख्खी गाडीच नेमकी उभी करावी लागते. ब्रेमची क्रेन १२ टनी. रशियन रणगाडा टी-७२ च्या इंजिनाला ती पुरते.

ताफ्यात टी-७२ किंवा टी-९० हे रशियन रणगाडे असतील तर ब्रेम घ्या, सुटे भाग बरेचसे तेच. लेपर्ड-२ साठी ब्युफेल. अमेरिकी एब्रम्स रणगाड्यासाठी हर्क्युलीस, पण नव्या, वजन वाढलेल्या एब्रम्सला एक पुरत नाही, दोन जोडाव्या लागतात.

गाडी कुठलीही असो, विंच चालू करण्याआधी पुढचं पातं जमिनीत रोवा, नाहीतर तीच घसरत जाते. टोइंगआधी रणगाड्याचे फायनल ड्राइव्ह (पट्ट्यांना फिरवणारे शेवटचे गिअर) सोडवा, नाहीतर गिअरबॉक्स जातो. ब्रेक निकामी असतील तर दोर नको, टो-बार (ओढण्याचा ताठ दांडा) लावा आणि उतारावर मागून दुसरी गाडी जोडा. ताणलेल्या दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही उभं राहू नये.