गुडघ्यासाठी फिजिओ, आधी नीट मोजतात मग व्यायाम

आईच्या गुडघेदुखीसाठी आमच्या इथल्या फिजिओकडे जातोय आणि सगळ्यात आवडलं ते म्हणजे "आता बरं वाटतंय का" एवढ्यावर भागवत नाहीत, वोमॅकचा फॉर्म (गुडघा-खुब्याच्या संधिवाताचा त्रास मोजायची प्रश्नावली) मराठीत वाचून भरून घेतात, २४ प्रश्न, त्यात दुखण्याचे फक्त ५, आखडण्याचे २ आणि बाकी १७ रोजच्या कामांचे, जिना उतरणं, मोजे घालणं, कमोडवरून उठणं वगैरे. मूळ फॉर्ममध्ये मांडी घालून बसायचा प्रश्न नाही (आपल्याकडे तर हवाच!), तो मॅडम वेगळा विचारतात. शिवाय ३० सेकंदात हाताचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येतं तेही स्टॉपवॉच लावून बघतात. आईचं दुखणं अजून आहेच पण उठणं वाढलंय हे आकड्यात दिसल्यावर जाम खुश झाली. संध्याकाळी गर्दी असते, सकाळची वेळ घ्या.