शेड टाकू की तळं खोदू? आवारातल्या पावसाच्या पाण्याचा हिशेब

वणीच्या अलीकडं पाच एकर घेतलेल्या एका जिनिंगवाल्याचा फोन आला. जिनिंगला लागून सरकीच्या तेलाची मिल टाकायची आहे, कन्सेंटचा, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या संमतीचा, अर्ज भरायचा आहे, आणि नकाशात पावसाच्या पाण्याची वाट दाखवा असं त्याला सांगितलं गेलं होतं. त्याचा प्रश्न सरळ होता : "भाऊ, आवार झाकून टाकू, का एका कोपऱ्यात तळं खोदून सगळं पाणी तिकडं वळवू? दोनातलं एकच पैशात बसते." तेव्हापासून हाच प्रश्न दालमिलवाले, खडी क्रशरवाले, कोळशाचा डेपो टाकणारे असे तिघं-चौघं वेगवेगळ्या तोंडानं विचारून गेले. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कागदाचं आधी उरकून घेऊ. नुसत्या पावसाच्या पाण्यासाठी वेगळा परवाना आपल्याकडं नाही. 1974 च्या पाणी कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ उभारणीची आणि चालवण्याची कन्सेंट देतं, आणि पावसाच्या पाण्याच्या अटी त्यातच येऊन बसतात. सांडपाण्याची नाली आणि पावसाची नाली वेगळी ठेवा, ही त्यातली नेहमीची. प्रदूषण किती होतं त्यावरून मंडळानं उद्योगाला दिलेला रंग लाल, नारंगी, हिरवा की पांढरा यावर कागद किती ते ठरतं. पांढऱ्याला कन्सेंटच लागत नाही. पण याच कायद्याचं कलम 24 रंग बघत नाही. घाण पाणी नाल्यात सोडलं, तर ते आभाळातून पडलं होतं एवढ्यावर सुटका होत नाही.

अमेरिकेनं हाच विषय वेगळा काढला आहे, आणि आपला प्रश्न समजून घ्यायला तो बघण्यासारखा आहे. तिथं 1987 साली स्वच्छ पाणी कायद्यात दुरुस्ती होऊन पावसाच्या वाहत्या पाण्याला परवाना लागू झाला. त्यातल्या दोन वाटा आपल्या कामाच्या : चालू कारखान्याची एक, बांधकामाची दुसरी. कारखान्यानं आपला सगळा माल, यंत्रं, कचरा पावसापासून झाकला असेल, तर 'आमच्याकडं उघड्यावर काही नाही' असं लिहून देऊन परवान्यातून सूट मिळते. दर 5 वर्षांनी ते पुन्हा लिहून द्यावं लागतं. बांधकामाला ही सूट नाही, कारण उकरलेली माती शेडखाली घालणार कशी? म्हणजे शेड की तळं हा जिनिंगवाल्याचा प्रश्न तिथं कायद्यातच लिहिलेला आहे.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथं बांधकामाचा परवाना किती जमीन उकरली त्यावर लागतो, आणि मर्यादा 1 एकर आहे. आपल्याकडं बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते ती 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून. ते उकरलेल्या मातीवरून मोजतात, आपण स्लॅबवरून. पाच एकर सपाट करून त्यात 3,000 चौरस मीटरचं शेड टाकणारा माणूस तिथं पहिल्या दिवसापासून परवान्यात असता. इथं त्याच्या उकरलेल्या मातीला विचारणारं कोणी नाही, शेजारचा वावरवाला सोडून.

आता हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चोवीस तासांत 65 मिलिमीटरला अतिवृष्टी धरतात हे पीक विमा भरणाऱ्या कोणालाही पाठ आहे. तेवढा पाऊस एका एकरावर पडला की 2 लाख 63 हजार लिटर होतं, म्हणजे दहा हजारी टँकर सव्वीस. रोलर फिरवलेल्या आवारात यातलं फार तर तीस टक्के मुरेल असं धरा. बाकी सगळं उताराकडं निघतं, आणि जाताना वाटेतलं जे काही हाताला लागेल ते घेऊन जातं.

तळ्याची बाजू

तळं स्वस्त वाटतं. पोकलेन दोन-तीन दिवस लावली की खड्डा तयार, आणि शेततळ्यामुळं त्याचं माप गावोगाव माहीत आहे. तीस बाय तीस, तीन मीटर खोल, एकास एक उतार (मीटरभर खोलीला मीटरभर आडवा) धरला तर जवळपास 2,200 घनमीटर पाणी मावतं. तीन एकर उघड्या आवारातून अतिवृष्टीला येणारं पाणी साडेपाचशे घनमीटरच्या आसपास. कागदावर तळं चौपट मोठं झालं. इथंच माणूस फसतो.

तळ्याचं काम पाणी मावून घेणं एवढंच नाही, त्यात गाळ बसला पाहिजे. आणि आपली काळी माती लवकर बसत नाही. बारीक रेतीचा कण एक मीटर खाली जायला दोन-तीन मिनिटं पुरतात. त्याहून बारीक, मिलिमीटरचा पन्नासावा भाग असलेला कण पाऊण तास घेतो. काळ्या मातीतला चिकण कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान असतो, आणि त्याला एक मीटर उतरायला तीन दिवसांच्या वर लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. तीन मीटर खोल तळ्यात हा हिशेब दहा दिवसांवर जातो. जुलैत आपल्याकडं सलग दहा दिवस कोरडे मिळतात का? दुसरा पाऊस येतो, पहिलं गढूळ पाणी सांडव्यावरून तसंच बाहेर पडतं. नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगत्या कणांची मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे (अमेरिकेत कारखान्याच्या पावसाच्या पाण्याला लावलेला निकषही तेवढाच, 100), आणि काळ्या मातीचं चहासारखं पाणी त्याच्या जवळपास येत नाही. तुरटीनं मदत होते. पण किती टाकायची हे आधी बरणीत करून बघावं लागतं, आणि दर पावसाला माणूस उभा ठेवावा लागतो.

अमेरिकेतलं बांधकामाच्या गाळटाकीचं माप उचलून आणून नकाशात टाकणारे सल्लागार आता इकडंही भेटतात. ते माप एकरी 3,600 घनफूट, साधारण एक लाख लिटर. म्हणजे एकरभर एक इंच पाणी. वीजा कडाडून येणारा आपला पाऊस एक इंच अर्ध्या-पाऊण तासात टाकून मोकळा होतो. त्याच नियमात तिथल्या जागेचा दोन वर्षांतून एकदा येणारा चोवीस तासांचा पाऊस धरायचाही पर्याय आहे. आपल्याकडं धरायचाच तर तो धरा, इंचाचा आकडा विसरा.

तळ्याची पाळ हा आणखी एक खर्च. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. एकास एक उतार दोन पावसाळ्यांत ढासळतो. एकास दोन ठेवा, आतून मुरमाचा थर द्या, आणि सांडवा पक्का बांधा. 2022 च्या जुलैत कोराडीच्या वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख आसपासच्या वावरांत पसरली. तुमचं तळं त्याच्या तुलनेत डबकं आहे, पण फुटायची पद्धत तीच : पाणी पाळीवरून गेलं की माती टिकत नाही. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव एवढी वर्षं उभे आहेत, त्यात सांडव्याची जागा नेमकी हेरण्याचा वाटा मोठा आहे.

शेडची बाजू

शेडचं गणित उलटं आहे. खर्च आधी होतो, त्रास नंतर कमी. पाणी मालाला शिवलंच नाही तर स्वच्छ करायचं काय उरतं?

पण शेड फुकटात सुटत नाही. काळ्या मातीवर पाया घ्यायचा म्हणजे मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर माती बदला. लोखंडाच्या दरात हे कोणी धरत नाही आणि मग तिसऱ्या वर्षी फरशी उचलते. छतावरचं पाणी थेंबही मुरत नाही. 1,000 चौरस मीटर छत अतिवृष्टीला 65 हजार लिटर एका बाजूला ओतणार. ते थेट धुऱ्यावर सोडलं तर शेजाऱ्याच्या वावरात घळ पडते. माझ्याच एका कामात असं झालं होतं. पन्हाळीचं तोंड चुकीच्या बाजूला काढलं, आणि ऑगस्टमध्ये शेजारचे काका येऊन उभे राहिले : "तुमच्या टिनाचं पाणी माह्या वावरात काहून येते?" उत्तर नव्हतं. दोनशे फूट नाली माझ्या खर्चानं काढून दिली. पाण्याची नैसर्गिक वाट बदलल्याची तक्रार तहसीलदारांकडं जाते आणि ती मंडळाच्या नोटिशीपेक्षा लवकर पोचते, हे ध्यानात ठेवा.

फायदा एकच पण मोठा. छताचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. टाकीत घेऊन बॉयलरला, आगीच्या टाकीला, नाहीतर आटलेल्या विहिरीच्या पुनर्भरणाला वापरता येतं. फक्त मृगाचं पहिलं पाणी त्यात घेऊ नका. आठ महिन्यांची धूळ त्यात असते.

माल कोणता, यावरच सगळं

सरकी, ढेप, तेलाचे पिंप, रासायनिक खत, गूळ असेल तर शेडच. यातलं जे पाण्यात विरघळतं ते तळ्यात कितीही दिवस ठेवलं तरी बसत नाही. ढेपेवरून गेलेलं पाणी तळ्यात साचलं की आठवड्यात वास सुटतो, आणि ते नाल्यात गेलं की सडताना पाण्यातला प्राणवायू खातं. इथं तळ्याचा विचार करणंच चूक आहे.

खडी क्रशर असेल तर तळं पुरतं. दगडाची भुकटी जड, त्यातली बरीचशी लवकर बसते. दोन कप्पे करा, पहिला दर पंधरा दिवसांनी उपसा.

कोळशाचा डेपो अवघड. एवढा ढीग झाकणं परवडत नाही, आणि बंद जागेत बराच काळ साठवलेला कोळसा तापून पेटण्याची भीती वेगळी. तिथं तळंच, पण मोठं. कोळसा दगडाहून हलका, त्यामुळं त्याच मापाचा कण मातीच्या कणापेक्षा चार-पाच पट सावकाश बसतो. ढिगाभोवती चर, खाली पक्की फरशी, आणि तळ्यातलं पाणी बाहेर न सोडता धूळ दाबायला परत आवारातच फवारायचं. घुग्घूस-वणी पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याला किती मोल आहे हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

डिझेल, ग्रीस सांडतं तिथं तळ्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून खाली वळलेला बेंड लावा. तेल वर तरंगतं, पाणी खालून निघतं. एवढ्याशा तुकड्यानं जे काम होतं ते शंभर फुटी नालीनं होत नाही.

बांधकाम चालू असताना

इथं शेडचा पर्याय नाही, आणि तळ्याची कथा वर सांगितलीच. मग खरी निवड तारखेची आहे. दिवाळीनंतर माती हलवा, मार्चपर्यंत भराव दाबून त्यावर मुरूम अंथरा. आमच्याकडं मात्र अक्षय्य तृतीयेला नारळ फुटतो, मे महिन्यात आवार उकरलं जातं आणि जूनमध्ये तेच आवार नाल्यात असतं.

उशीर झालाच असेल तर एकदम पाच एकर उघडं करू नका. शेड जिथं येणार तेवढंच उकरा, बाकीचं गवत राहू द्या. उघड्या उतारावर तुरीचं, सोयाबीनचं कुटार पसरवा, नालीत थोड्या-थोड्या अंतरावर पऱ्हाटीच्या पेंढ्या खुंट्या ठोकून आडव्या घाला. हिरवी जाळी लावून 'गाळ अडवला' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्यातून काळी माती चहाच्या गाळणीतून जावी तशी जाते. नालीच्या शेवटी, कुंपणाच्या आत, दहा-पंधरा फूट गवताचा पट्टा सोडा. अमेरिकेत अशा जागांची दर सात दिवसांनी पाहणी करणं हा एक ठरलेला पर्याय आहे. आपल्याकडं कोणी विचारत नसलं तरी सुपरवायझरला सोमवारी एक चक्कर मारायला लावायला काही पडत नाही.

जिनिंगवाल्याला मी सरकी आणि ढेपेपुरतं शेड सांगितलं, बाकी आवाराला लहान दोन कप्प्यांचं तळं, पाळ एकास दोन. कापसाच्या गंज्या उघड्यावर राहतील; हंगाम पावसाळ्यानंतरचा, अवकाळीला ताडपत्री. मिलची जमीन उकरायचं काम नोव्हेंबरवर ढकललं, त्यावर तो थोडा नाराज आहे, कारण बँकेचा हप्ता थांबत नाही. सांडव्याचं तोंड पूर्वेला काढायचं की सरकारी नाल्यापर्यंत पाइप न्यायचा, ते मात्र ठरलेलं नाही. पूर्वेच्या वावरवाल्याला सोबत घेऊन रविवारी फीत धरून बघणार आहोत.