रविवारचं चिकन: डम्पलिंग कॅसरोल की रश्श्यातल्या चकोल्या?

सांगलीत आमच्याकडे रविवारी चिकन ठरलेलंच. वाद फक्त कशाचा, एवढाच. कॅसरोल म्हणजे ट्रेमध्ये ओव्हनला भाजलेला पदार्थ. त्याला शिजलेलं चिकन, गाजर, मटार आणि चिकनचं पाणी ट्रेमध्ये घ्यायचं, वर मैदा, बेकिंग पावडर, दूध, लोण्याचं सैल पीठ चमच्याने सोडायचं (हे गोळे म्हणजेच डम्पलिंग) आणि १८० अंशांवर ३५-४० मिनिटं भाजायचं. मध्ये ढवळायचं नाही. वरून खरपूस, आतून लुसलुशीत. पोरं खूश. चव मात्र सौम्य. सासरे पहिल्या घासालाच ठेचा मागतात.

चकोल्यांना गॅस पुरतो. कणकेत हळद, ओवा, मीठ घालून घट्ट मळायची, पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापायची आणि कांदा-लसूण मसाल्याचा चिकनचा रस्सा खळखळ उकळताना तुकडे सुटे सुटे सोडायचे. सगळे एकदम टाकले की गोळा झालाच म्हणून समजा! रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवा, कणीक पाणी ओढते. ताटात वरून तूप हवंच.

पाहुणे येणार असतील तर कॅसरोल. ओव्हनमध्ये ठेवून गप्पा मारत बसता येतं. पीठ तेवढं ऐनवेळी कालवा, बेकिंग पावडर ओली झाली की लगेच कामाला लागते. एरवी माझं मत चकोल्यांनाच. उरल्या तर सकाळी गरम पाण्याचा हबका मारून पुन्हा गरम करा.