पेरूगेटजवळचं स्प्लिंटचं दुकान

पुण्यात दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी 33 वर्षं फिटर होतो. काम चांगलं की वाईट, हे कडेवरून बोट फिरवलं की मला कळतं. म्हणून या दुकानाबद्दल लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला लकवा मारला. रात्री हाताला मुंग्या आल्या, दबला असेल म्हणून झोपलो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं. मी दवाखान्यात पोचलो सकाळी. तुम्ही असं करू नका. हात बराचसा परत आला, पाऊल मात्र लोंबतंच राहिलं. चवडा जमिनीला घासायचा, म्हणून पाय बाहेरून गोल फिरवून टाकायचो. आधी एका ठिकाणाहून 1,200 रुपयांचा तयार स्प्लिंट, म्हणजे पाऊल उचलून धरणारा आधार, आणला. आठवड्यात घोट्यावर फोड.

मग फिजिओताईंनी इथे पाठवलं. दुकानाच्या दादांनी गुडघ्याखालून बोटांपर्यंत प्लास्टरचं ओलं बँडेज गुंडाळलं, घोटा काटकोनात धरून ठेवला, सुकल्यावर कापून काढलं. त्या साच्यात प्लास्टर ओतलं की आपलाच पाय तयार होतो. त्याच्यावर भट्टीत तापवलेली पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची शीट व्हॅक्यूमने ओढून बसवतात. मी विचारलं म्हणून आत नेऊन सगळं दाखवलं. घोट्याच्या हाडावर आधीच थोडं प्लास्टर चढवतात, म्हणजे तिथे जागा सुटते. तयार मालात हा विचार कोण करणार? घोट्याला बिजागरी आहे: पाऊल वर येतं, खाली पडत नाही. कडा अशा घासल्यात की मोज्याचा धागासुद्धा अडकत नाही.

किंमत 6,500 रुपये. पाच दिवसांनी ट्रायलला अर्धा तास चालायला लावलं, स्प्लिंट काढून कातडी पाहिली. म्हणाले, "काका, 20 मिनिटांत हा लालपणा गेला नाही तर सांगा." गेला नाही. हीट गनने तिथेच तापवून जागा मोकळी केली, वेगळे पैसे घेतले नाहीत.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. दाराशी तीन पायऱ्या आणि कठडा नाही, तेही अशा दुकानाला! आणि डावा बूट एक नंबर मोठा लागतो हे आधीच सांगायला हवं. मला दोन जोड घ्यावे लागले. वेल्क्रोचे पट्टे सहा महिन्यांत सैल होतात, पण ते लगेच बदलून देतात.

हा स्प्लिंट चालण्यासाठी आहे, पळण्यासाठी कार्बन फायबरचा वेगळा आणि महाग असतो, हे दादांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी डॉक्टरांना विचारून मी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं तळजाई टेकडीवर सुरू केलं. कारण होतं. फिजिओकडे पोळ्या लाटायची कामं करणाऱ्या एक बाई यायच्या, पाय ओढत. 6,500 त्यांच्याकडे नव्हते. डिसेंबरात मी 5 किलोमीटर 1 तास 4 मिनिटांत पुरे केले. वर्कशॉपच्या जुन्या सोबत्यांनी माझ्या प्रत्येक किलोमीटरमागे देणगी द्यायचं कबूल केलं होतं, 45,500 रुपये जमले. ते सगळे या दुकानात भरले, सात स्प्लिंटचे. पहिला त्या बाईंना गेला. आता त्या ओट्याशी उभ्या राहतात.

दोन अजून शिल्लक आहेत. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जावं आणि "दापोडीच्या काकांचे" एवढंच सांगावं. मंडई मेट्रोला लिफ्ट आहे, तिथून रिक्षा करा.