सरकारी सेवा ऑनलाइन: आठ महिने वापरल्यावर

आईच्या पेन्शनची सगळी कामं मी आठ महिन्यांपासून पोर्टलवरूनच करतोय. आधी चांगलं सांगतो, अर्ज रात्री अकराला पण भरता येतो, पावती लगेच मोबाइलवर येते आणि रांगेत जाणारी अर्धी सुट्टी वाचते, हे खरंच मोठं काम झालंय.

पण घोडं अडलं ते नावावर. पेन्शनच्या रेकॉर्डला आईचं पूर्ण नाव, बँकेत नुसतं आद्याक्षर, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात एवढंच की "तपशील जुळत नाही". कुठला तपशील, दुरुस्त कुठे करायचा, काहीच नाही. तीनदा अर्ज रिजेक्ट झाला, शेवटी ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, नावावर पेन टेकवला आणि म्हणाल्या हे बघा इथे चुकतंय. दोन मिनिटं लागली. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की पोर्टल सुरू करायच्या आधी जुनी रेकॉर्डं नीट करा, नाहीतर कागदावरचा घोळ जसाच्या तसा स्क्रीनवर येतो आणि तिथे विचारायला माणूसही नसतो.

ऑनलाइन सरकारी सेवा म्हटलं की एस्टोनिया या छोट्या युरोपीय देशाचं उदाहरण सगळेच देतात, पण तिथे २००१ मध्ये एक्स-रोड ही माहिती देवाणघेवाणीची यंत्रणा आणून आधी सरकारी खात्यांचे डेटाबेस एकमेकांना जोडले, २००२ पासून डिजिटल सहीचं ओळखपत्र दिलं, आणि एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागायची नाही हे तत्त्व धरलं. मी मात्र आईची जन्मतारीख पाच वेगवेगळ्या फॉर्ममध्ये भरलीये, सरकारी खातं तेच! आणि एवढी तयारी असून २०१७ मध्ये तिथल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघालाच, त्यातली डिजिटल सर्टिफिकेटं अपडेट करावी लागली, म्हणजे बिघाड झाल्यावर लोकांचं काम कसं चालू ठेवायचं हेही आधीच ठरलेलं पाहिजे.

दुसरं म्हणजे ओटीपी. आईला मेसेज उघडून आकडे वाचेपर्यंत वेळ संपतो, की परत पहिल्यापासून. डेन्मार्कने २०१४ मध्ये सरकारी पत्रव्यवहार डिजिटल सक्तीचा केला, पण ज्यांना जमत नाही त्यांना सूट मागायची सोय ठेवली. तेवढी तरी हवीच, काउंटर बंद करू नका प्लीज.

नावदुरुस्तीचा अर्ज मागच्या आठवड्यात दिला, त्याच काउंटरवर. फॉर्म कागदी होता, चष्मा लावून आईने स्वतःच्या हाताने भरला.