थायलंडमध्ये तीस वर्षांचा लीज घेतला, तीन वर्षांत घराबाहेर काढलं

ऑगस्ट 2025 मध्ये आम्हाला हुआ हिनचं, म्हणजे थायलंडमधल्या एका समुद्रकिनारच्या गावातलं, घर सोडायला सांगितलं. ज्या घराचे तीस वर्षांचे पैसे आम्ही एकरकमी भरले होते त्याच घराबद्दल बोलतेय. 15 लाख बाट (बाट म्हणजे तिथलं चलन), तेव्हाच्या रेटने साधारण 33 लाख रुपये, ह्यांच्या रिटायरमेंटच्या पैशातला मोठा हिस्सा. सगळं सविस्तर लिहितेय कारण आमच्यासारखे साठीच्या आसपासचे बरेच जण सध्या हाच विचार करतायत, समुद्रकिनारी राहू, खर्च कमी, हवा चांगली, मुलं तशीही परदेशात.

सुरुवात एका सेमिनारपासून झाली. एजंट आपलाच मराठी माणूस, बोलायला गोड, काका-काकू म्हणून पाया पडणारा. त्याने एक एक्सेल शीट दाखवली, दोघांचा महिन्याचा खर्च घर सोडून 27 हजार बाट, म्हणजे साठ हजार रुपये. वीज 1,500, भाजी-किराणा इतका, डॉक्टर इतका, सगळं रकान्यात बसवलेलं. ती शीट आम्ही प्रिंट काढून फ्रिजवर लावली होती आणि रोज येता जाता बघायचो, खरंच वाटायचं की आता काही काळजी नाही.

त्या शीटमध्ये व्हिसाचे 8 लाख बाट कुठेच नव्हते. रिटायरमेंटवर राहायचं तर वय पन्नास किंवा त्याच्या वर लागतं आणि थाई बँकेत 8 लाख बाट ठेवावे लागतात, किंवा महिना 65 हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं. पैसे ठेवले तर व्हिसाची मुदत वाढवायच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने पूर्ण रक्कम हलवता येत नाही, त्यानंतरही 4 लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे वर्षातले पाच महिने तेव्हाच्या रेटने साडेसतरा लाख रुपये, आणि बाकीचे महिने त्यातले निम्मे, नुसते अडकून पडतात, आजारपणात सुद्धा हात लावता येत नाही. आम्ही हे विचारलं तेव्हा एजंट म्हणाला काकू तुम्ही टेन्शन घेऊ नका, थोडी फी द्या, आम्ही आमचे पैसे तुमच्या खात्यात दाखवू. तेवढं मात्र आम्ही ऐकलं नाही, स्वतःचेच ठेवले, नाहीतर आज इमिग्रेशनच्या भानगडीतही अडकलो असतो. बाकी दरवर्षी 1,900 बाट मुदतवाढीचे, दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि भारतात यायचं तर आधी री-एंट्री परमिट काढायचं, एकदाचं 1,000 आणि वर्षभराचं 3,800, नाही काढलं तर विमानात बसलात की मुदत रद्द.

वीज ही दुसरी गोष्ट. मार्च ते मे तिथे एसीशिवाय झोप लागत नाही, दमट हवा, रात्रीसुद्धा अंग चिकट. एप्रिल 2023 चं बिल आलं 5,120 बाट. ह्यांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली, त्यामुळे ह्यांनी बिलाचा कागद उलटसुलट केला, युनिट 640, म्हणजे युनिटला 8 बाट. सरकारी वीज तेव्हा पाच बाटच्या आसपास होती. आमच्या घराला सरकारी मीटर नव्हताच, प्रोजेक्टवाल्याचा सबमीटर आणि त्याचा माणूस दर महिन्याला हाताने आकडा लिहून द्यायचा. त्यानंतर मला डेंग्यू झाला, चार दिवस खासगी हॉस्पिटलमध्ये, 85 हजार बाट. आमचा भारतातला मेडिक्लेम तिथे चालत नाही हे आम्ही नीट विचारलंच नव्हतं. असं करत दोन वर्षांत महिन्याचा खरा खर्च 45 हजारांच्या घरात गेला. हे सगळं सोसलं असतं, म्हणलं घर तर आपलं आहे ना.

घराचंच खोटं निघालं. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन नावावर घेता येत नाही. कॉन्डोमधला, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीतला, फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालक चालतात. बंगला हवा तर लीज. एजंट म्हणायचा तीस अधिक तीस अधिक तीस, नव्वद वर्षं, नातवंडं राहतील. कायद्यात लीजची मर्यादा तीस वर्षं आहे, पुढचं नूतनीकरण म्हणजे मालकाने दिलेला शब्द, बाकी काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीन वर्षांच्या वरचा लीज लँड ऑफिसात रजिस्टर करावा लागतो, नाही केला तर तो तीन वर्षांपुरताच धरला जातो. रजिस्ट्रेशनची फी एक टक्का आणि स्टॅम्प ड्युटी 0.1 टक्का, आमच्या रकमेवर 16,500 बाट झाले असते. एजंट म्हणाला काका कशाला खर्च करता, मालकाला टॅक्स लागतो म्हणून तो नको म्हणतोय, आपलं अॅग्रीमेंट पक्कं आहे. अॅग्रीमेंट इंग्लिश आणि थाई दोन कॉलममध्ये, निळा शिक्का, प्रत्येक पानावर सह्या. आम्हाला ते पक्कंच वाटलं.

ऑगस्ट 2022 मध्ये सही केली. 2025 च्या सुरुवातीला मालकाने ती जमीन विकली, आम्हाला पत्ता नाही. तीन वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात नवा मालक दोन माणसं घेऊन दारात, एक महिन्यात घर रिकामं करा. आम्ही वकिलाला घेऊन लँड ऑफिसात गेलो. काऊंटरवरच्या बाईंनी चानोट काढला, चानोट म्हणजे तिथला जमिनीचा दाखला, वर लाल गरुड असतो. त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या नोंदींवरून एकेक ओळ बोट फिरवलं, मालकांची नावं, विक्रीची तारीख. लीज रजिस्टर केला की त्याची नोंद तिथे मागे येते. आमच्या नावाची ओळच नव्हती. ह्यांनी दोनदा विचारलं, त्या बाईंनी दोनदा परत बोट फिरवून दाखवलं, आणि मग हे बाहेर बाकावर जाऊन बसले ते अर्धा तास काही बोललेच नाहीत. एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस.

तिथे कुणी लीजवर घर घेत असेल तर पैसे लँड ऑफिसात, रजिस्ट्रेशन होताना, चानोटच्या मागे तुमचं नाव चढल्यावरच द्या. आधी टोकनसुद्धा मोठं देऊ नका. वकील स्वतःचा शोधा, एजंटने आणलेला नको, आमचा त्यानेच आणला होता. मीटर कुणाचा आहे ते घर बघतानाच विचारा आणि एप्रिलचं जुनं बिल मागा, डिसेंबरचं नको. आणि जायच्या आधी सहा महिने नुसतं भाड्याने राहून बघा, उन्हाळा धरून.

पैसे परत मिळावेत म्हणून जुन्या मालकाला नोटीस दिलीय, वकील म्हणतो वेळ लागेल. एजंटचा फोन बंद आहे, त्याचं ऑफिस होतं तिथे आता दुसरंच काहीतरी आहे. आम्ही सध्या हुआ हिनमध्येच एका कॉन्डोत महिन्याच्या भाड्याने राहतोय, सामान अर्धं खोक्यांतच आहे.

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या शाळेतल्या एका मैत्रिणीने मला विचारलं की अगं हे बघ ना, तू तिथे राहतेस, हे बरोबर आहे का, आणि एक शीट पाठवली. तीच शीट, तेच रकाने, विजेसमोर अजून 1,500 च लिहिलेलं. मी तिला लगेच फोन केला, तिने टोकन दिलं नव्हतं.