एमजीबीची नवी पेट्रोल टाकी : सहा महिन्यांनंतर

टाकी फुल केली की दोन दिवस पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास यायचा आणि अर्ध्यावर आली की बंद व्हायचा. माझ्या १९६६च्या एमजीबीत, म्हणजे एमजी कंपनीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत, गेल्या उन्हाळ्यात हे सुरू झालं. फरशीवर एक थेंब नाही. सुनेने बरोबर ओळखलं. म्हणाली, "बाबा, भोक वरच्या अंगाला असणार. म्हणून भरल्यावरच वास येतो."

टाकी उतरवली तेव्हा तसंच निघालं. या गाडीची टाकी डिकीच्या पत्र्याला खालून बोल्टने आवळलेली असते. टाकीचा माथा आणि डिकीचा तळ यांत अगदी चिंचोळी फट. चाकांनी उडवलेला चिखल तिथे जाऊन बसतो आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात सुकतच नाही. खालून वाकून पाहिलं तर टाकी ठणठणीत दिसते, वरून मात्र तिची चाळण झालेली असते.

आधी मी ती नाना पेठेतल्या एका रेडिएटरवाल्याकडे नेली. तिथले मिस्त्री अशा टाक्यांना झाळ मारतात. ज्योत लावण्याआधी टाकी धुऊन पाण्याने भरून घेतात, कारण रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने माथ्यावर हलकंच टोचलं, तर तो आरपार गेला. "साहेब, पत्रा कागद झालाय. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडेल. नवी घ्या." एक पैसा घेतला नाही. टेल्कोच्या टूलरूममध्ये माझी उभी हयात गेली. होणार नाही त्या कामाला सरळ नाही म्हणणारा कारागीर मला फार मोलाचा वाटतो.

नवी टाकी इंग्लंडहून मागवली. किमतीपेक्षा वाहतूक आणि कस्टमचा खर्च जास्त झाला, हे आधीच धरून चाला. मागवताना गाडीचं साल नीट सांगा. १९६५च्या आधीच्या गाड्यांना पट्ट्यांवर टांगलेली १० गॅलनची टाकी होती, नंतरच्यांना बोल्टची १२ गॅलनची, म्हणजे सुमारे ५४ लिटरची. एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

माप उत्तम. कडेची सगळी भोकं जुळली, भरायच्या नळीचं तोंड जिथल्या तिथे आलं. रंग मात्र अगदीच पातळ. असा माल तसाच चढवला तर नवी टाकीही जुनीच्याच वाटेने जाणार. म्हणून माथ्यावर अंडरबॉडी कोटिंगचे दोन हात दिले. माथा आणि डिकी यांच्यामधल्या पॅकिंगच्या जुन्या पट्ट्या पाणी धरून ठेवत होत्या, त्यांच्या जागी पाणी न शोषणारं रबर चिकटवलं.

बसवण्याचं काम धायरीतल्या एका गॅरेजमध्ये दोन दिवस चाललं. पहिला दिवस गंजलेल्या बोल्टांनीच खाल्ला. रात्रभर तेलात भिजवूनही दोन हलले नाहीत. ग्राइंडर लावू दिला नाही, हॅक्सॉने कापून घेतले. पेट्रोलच्या कामात ठिणगी नको. बॅटरीही आधीच सोडवली होती. १९६६च्या गाडीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, हे तिथल्या तरुण मेकॅनिकला मुद्दाम दाखवलं. आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, त्यामुळे होसही इथेनॉल सोसणारे घातले.

चावी फिरवली की एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप टिकटिकतो आणि कार्ब्युरेटर भरले की गप्प होतो. त्या संध्याकाळी तो गप्पच होईना. टाकीजवळच्या जोडातून हवा ओढत होता. नट अर्धा फेरा आवळला आणि टिकटिक थांबली. तो क्षण मला अजून आठवतो.

तक्रार एकच, पण खरी आहे. गेजच्या सेंडरसाठी, म्हणजे टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या भागासाठी, नव्या टाकीसोबत आलेलं सील फार पातळ होतं. टाकी पहिल्यांदा फुल केल्यावर कडेने ओल आली. पेट्रोल पुन्हा काढून पेट्रोलला टिकणारी जाड रिंग घातली आणि लॉकरिंग पितळी पंचाने ठोकून बसवली. एवढी किंमत घेताना चांगलं सील द्यायलाच हवं होतं.

एक पावसाळा काढून परवा गाडी लिफ्टवर चढवली. फटीत आरसा घालून माथा पाहिला, कोटिंग जसंच्या तसं आहे. फुल टाकीवर कात्रजचा घाट चढलो तरी वास नाही. गेज अजून थोडं कमी दाखवतं, सेंडर जुनाच आहे. तो बदलेपर्यंत दर ३०० किलोमीटरला पेट्रोल भरतो.